इंग्लंडमधील खेड्यात ग्रामपंचायतीसारखी व्यवस्था असते का, आणि बाहेरून आलेल्या माणसाला तिच्या कामात भाग घेता येतो का?

होय, असते. तिला पॅरिश काउन्सिल म्हणतात, आणि बाहेरून आलेल्या माणसाला तिच्या कामात नुसता भागच नव्हे, तर काही अटींवर सदस्यपदही मिळू शकते. मी ऑक्सफर्डशर परगण्यात, डिडकॉटजवळच्या एका खेड्यात राहतो आणि तेथील काउन्सिलच्या बैठकांना नेमाने बसतो. त्यामुळे कायद्यात काय लिहिले आहे याबरोबरच प्रत्यक्षात काय घडते, हेही सांगता येईल.

नावात चर्चचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्ती, असला तरी या संस्थेचा धर्माशी संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खेड्यातील बराचसा स्थानिक कारभार चर्चशी जोडलेल्या व्हेस्ट्री नावाच्या सभेकडे होता, आणि तिथे जमीनदार व पाद्री यांचाच शब्द चाले. १८९४ च्या कायद्याने हा कारभार चर्चपासून वेगळा काढला आणि तीनशे किंवा त्याहून अधिक वस्तीच्या गावांना निवडून आलेली काउन्सिल दिली. विवाहित स्त्रियांनाही त्यात मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क मिळाला. संसदेच्या निवडणुकीत स्त्रियांना पहिल्यांदा मत देता आले ते त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९१८ च्या कायद्यामुळे. हे लक्षात घेतले म्हणजे या लहानशा संस्थेने किती लवकर केवढे दार उघडले होते, ते कळते. आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे दहा हजार स्थानिक काउन्सिली आहेत.

आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी उतरंड आहे, तशी आमच्या भागात पॅरिश, डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशी आहे. (इंग्लंडच्या काही भागांत वरचे दोन स्तर एकत्र केलेले आहेत.) रस्ते, शाळा आणि ग्रंथालये काउंटीकडे असतात, कचरा उचलणे आणि बांधकाम परवानगी डिस्ट्रिक्टकडे असते. पाणीपुरवठा खासगी कंपनी करते आणि जन्ममृत्यूची नोंद काउंटीच्या कार्यालयात होते, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची दोन मुख्य कामे येथे गावाकडे नाहीतच. गावाच्या वाट्याला उरते ते मुलांचे खेळाचे मैदान, दफनभूमी, बसथांब्याची शेड, बाके, काही ठिकाणी दिवाबत्ती, युद्धस्मारकाची निगा, गावाचे सामायिक कुरण आणि भाजी पिकवण्यासाठी भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे.

या तुकड्यांना अलॉटमेंट म्हणतात, आणि त्यांच्यामागे भक्कम कायदा आहे. १९०८ च्या कायद्यानुसार गावातील सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर काउन्सिलला तिचा विचार करावाच लागतो, आणि मागणी खरी आहे असे दिसल्यास जमीन उपलब्ध करून देणे हे तिचे कर्तव्य ठरते. परंपरेने एक तुकडा दहा रॉडचा, म्हणजे साधारण अडीचशे चौरस मीटरचा असतो. आमच्या तुकड्यात उन्हाळ्यात मेथी उत्तम येते. शेजारच्या तुकड्यातील वृद्ध गृहस्थ दरवर्षी तिची एक जुडी मागून नेतात आणि बदल्यात बटाटे देतात.

आता पैशाविषयी, कारण माझ्या मते या व्यवस्थेचा खरा कणा तोच आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीला घरपट्टी व पाणीपट्टी मिळते हे खरे, पण विकासकामांचा मोठा भाग वित्त आयोगाचा निधी आणि शासकीय योजना यांच्यावर चालतो, आणि त्यातील कोणता निधी बंधित व कोणता अबंधित हे वरून ठरते. इंग्लंडमधील पॅरिश काउन्सिलला असा नियमित सरकारी निधी मिळत नाही. ती दर हिवाळ्यात पुढील वर्षाचा खर्च मांडते, भाडे वगैरे उत्पन्न वजा करते आणि उरलेली रक्कम गावकऱ्यांकडून घ्यायची असे ठरवते. या मागणीला प्रिसेप्ट म्हणतात. ती रक्कम डिस्ट्रिक्ट आपल्या घरकराच्या बिलात स्वतंत्र ओळीवर दाखवून वसूल करते आणि गावाला देते. घरांच्या ए ते एच अशा आठ श्रेणी आहेत, त्या अजूनही १९९१ च्या किमतींवर आधारलेल्या आहेत, आणि डी श्रेणी हे मोजमापाचे प्रमाण धरले जाते. समजा, एखाद्या गावात डी श्रेणीच्या हिशेबाने चारशे घरे आहेत आणि काउन्सिलला वीस हजार पौंड हवे आहेत, तर डी श्रेणीच्या घराला वर्षाला पन्नास पौंड पडतात. मैदानावर नवा झोका बसवायचा की नाही, या प्रश्नाचा अर्थ माझ्या बिलात तीन पौंड वाढू द्यायचे की नाही असा होतो. त्यामुळे चर्चा फार लवकर जमिनीवर येते, आणि खर्च मागणाऱ्यालाही आपल्या शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून तो मागावा लागतो.

बैठक गावाच्या सभागृहात संध्याकाळी होते. तिची नोटीस आणि विषयपत्रिका क्लार्कने, म्हणजे काउन्सिलच्या चिटणिसाने, किमान तीन पूर्ण दिवस आधी सूचना फलकावर लावायची असते. त्या तीन दिवसांत नोटिशीचा दिवस, बैठकीचा दिवस, रविवार आणि सार्वजनिक सुट्या धरत नाहीत. क्लार्क ही बहुधा अर्धवेळ, पगारी व्यक्ती असते. सदस्य मात्र सर्वसाधारणपणे विनामोबदला काम करतात. अध्यक्ष आपल्याकडील थेट जनतेतून निवडून येणाऱ्या सरपंचासारखा नसतो. सदस्यच दर मे महिन्यात आपल्यातून एकाला निवडतात, आणि सभा चालवण्यापलीकडे त्याला फारसे स्वतंत्र अधिकार नसतात.

पहिल्या विषयाला अनुपस्थितांची नावे घेतात आणि दुसऱ्याला प्रत्येक सदस्य आपले हितसंबंध जाहीर करतो. ज्याच्या भावाच्या शेताचा विषय आहे तो ते मोकळेपणाने सांगतो आणि त्या विषयापुरता खोलीबाहेर जाऊन बसतो. मग गावकऱ्यांना बोलण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे राखलेली असतात. त्यानंतर देयकांची यादी वाचली जाते: गवत कापण्याचे बिल, सभागृहाचे भाडे, क्लार्कचे वेतन, विमा. एकेक रकमेला मंजुरी मिळते आणि इतिवृत्तात नोंद होते. एकदा कुत्र्यांच्या विष्ठेसाठीच्या एका नव्या डब्यावर पाऊण तास चर्चा झाली. डबा कोणत्या वाटेच्या तोंडाशी लावायचा, तो रिकामा कोण करणार आणि त्याचे वर्षाचे पैसे किती, हे सगळे ठरल्यावरच ठराव झाला. मला ती चर्चा मुळीच क्षुल्लक वाटली नाही, कारण त्या वाटेने रोज शाळेत जाणारी मुले आमच्याच गावची आहेत.

सभेला बसण्याचा लोकांचा हक्क १९६० च्या कायद्याने पक्का केला. ते विधेयक तेव्हा नव्याने निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी खासगी सदस्य म्हणून मांडले होते. हिशेबही उघडे असतात: दर उन्हाळ्यात तीस कामकाजाच्या दिवसांसाठी कोणत्याही मतदाराला वह्या व पावत्या पाहता येतात, आणि जुलैचे पहिले दहा कामकाजाचे दिवस त्यात असलेच पाहिजेत. अशा काउन्सिलमधील भांडणाची एक व्हायरल दृश्यफीत तुम्ही पाहिली असेल; ती चेशरमधील हँडफर्थच्या काउन्सिलची, डिसेंबर २०२० मधील ऑनलाइन बैठकीची आहे. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभर पसरली. महासाथीपुरती दिलेली ती ऑनलाइन सवलत मे २०२१ मध्ये संपली. मात्र त्या फितीवरून सर्व काउन्सिलींचे मत बनवू नये, ही कळकळीची विनंती. बहुतेक बैठका शांतपणे चालतात, आणि त्यांचे मोठे दुखणे भांडण हे नसून रिकाम्या खुर्च्या हे आहे.

अधिकार कमी असले तरी गावाचे म्हणणे वर पोहोचवणे हे काउन्सिलचे मोठे काम आहे. आमच्या परगण्यात अनेक गावांतील वाहनांची वेगमर्यादा तीसवरून वीस मैलांवर आली. निर्णय आणि फलक काउंटीचे असले, तरी मागणी पॅरिश काउन्सिलने करावी अशी पद्धत होती. बांधकाम परवानगीचेही तसेच आहे. अर्ज डिस्ट्रिक्टकडे येतो, पण गावाचे मत मागवले जाते. येथे नवख्या माणसाने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ‘माझ्या खिडकीतून दिसणारा देखावा जाईल’ किंवा ‘माझ्या घराची किंमत उतरेल’ ही हरकत ग्राह्य धरली जात नाही; शेजारच्या घरात उजेड कमी होणे, वाहतूक, पाण्याचा निचरा, दुसऱ्याच्या खासगीपणावर अतिक्रमण ही कारणे धरली जातात. सभेत एखादी बाई डोळ्यांत पाणी आणून देखाव्याविषयी बोलते, तेव्हा तिला हे समजावून सांगून तिचे म्हणणे निचऱ्याच्या मुद्द्यावर नीट लिहून देणारा अध्यक्ष गावाचे खरे भले करतो. २०११ च्या कायद्यानंतर गावाला स्वतःचा विकास आराखडाही करता येतो. तो सार्वमताने मंजूर झाला की अर्जांचा निर्णय करताना त्याला कायदेशीर वजन मिळते, आणि जिथे बांधकामांवर पायाभूत सुविधांचे शुल्क लागू आहे तिथे गावाचा वाटा पंधरा टक्क्यांऐवजी पंचवीस टक्के होतो.

काउन्सिल म्हणजे अख्खे गाव नव्हे, हेही सांगायला हवे. सभागृह बहुधा स्वतंत्र धर्मादाय न्यासाचे असते, चर्चची वेगळी समिती असते, आणि महिलांची विमेन्स इन्स्टिट्यूट, क्रिकेट क्लब, बागकाम मंडळ यांचे आपापले कारभार असतात. गावपत्रिका स्वयंसेवक घरोघर टाकतात. वापरात नसलेली लाल टेलिफोन पेटी बीटी कंपनीकडून एका पौंडात घेऊन तिच्यात हृदयविकाराच्या झटक्यावेळी वापरायचे यंत्र किंवा पुस्तके ठेवण्याची रीत अनेक गावांनी पाडली आहे. नोव्हेंबरमध्ये स्मृतिरविवारी युद्धस्मारकापाशी सगळे जमतात आणि काउन्सिलचा अध्यक्ष खसखशीच्या लाल फुलांचे चक्र वाहतो. त्या स्मारकावरील आडनावे आजही गावातील दारांवर दिसतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, इंग्लंडमध्ये राहण्याचा वैध परवाना असलेल्या प्रौढ भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येते आणि मत देता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. उमेदवारीसाठी मात्र कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी असावी लागते किंवा परवानगीची गरजच नसावी लागते. शिवाय गावाशी नाते असावे लागते: एक तर तिथल्या मतदार यादीत नाव हवे, किंवा गेले वर्षभर तिथे जमीन वा घर मालकीने अथवा भाड्याने असावे, किंवा गेले वर्षभर मुख्य काम तिथे चालत असावे, किंवा गेले वर्षभर राहणे गावात अथवा त्याच्या हद्दीपासून तीन मैलांच्या आत असावे. साधारण निवडणूक दर चार वर्षांनी होते आणि बहुतेक जागा बिनविरोध भरतात. मध्येच जागा रिकामी झाली तर तशी नोटीस लागते, आणि चौदा कामकाजाच्या दिवसांत दहा मतदारांनी निवडणुकीची मागणी केली नाही तर काउन्सिलच स्वीकृत सदस्य घेते. त्यासाठी क्लार्कला आपली ओळख देणारे पत्र लिहावे आणि पुढच्या सभेला हजर राहावे. त्याआधी दोन-तीन सभा मागच्या रांगेत बसून ऐकल्या असतील, तर ते सदस्यांच्या नजरेस आलेलेच असते. आणि निवडणूक झालीच, तर २०२३ पासून मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. त्यासाठी आपला भारतीय पासपोर्ट चालतो.