व्यक्तिगत ओळख समजून घेताना: आरंभीच्या काही गोष्टी

‘माझी व्यक्तिगत ओळख कशाने ठरते?’ हा तुमचा प्रश्न चांगला आहे. फक्त त्यात दोन प्रश्न मिसळले आहेत आणि नवख्या अभ्यासकाची पहिली चूक बहुधा हीच असते. ‘लहानपणीचा मी आणि आजचा मी एकच व्यक्ती कशामुळे?’ हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न, तर ‘मी स्वतःला कोण समजतो आणि ते कशातून घडले?’ हा मानसशास्त्राचा व समाजशास्त्राचा. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर लिहा.

पहिल्यासाठी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून आरंभ करा. व्यक्तीचे सातत्य तिच्या जाणिवेत, म्हणजे पूर्वीचे अनुभव स्वतःचे म्हणून आठवण्यात असते, असे त्यांनी १६९४ मध्ये मांडले. त्यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीड यांनी १७८५ मध्ये घेतलेला आक्षेप मात्र स्वतः कागदावर मांडून पाहा: वृद्ध सेनापतीला तरुणपणचा पराक्रम आठवतो, त्या तरुण अधिकाऱ्याला बालपणी खाल्लेला मार आठवत होता, पण सेनापतीला तो मार मुळीच आठवत नाही, मग सेनापती म्हणजे तोच मुलगा की नाही? इथे रेंगाळायला हरकत नाही, मी स्वतः महिनाभर अडकलो होतो.

दुसऱ्या प्रश्नात भाषा, कुटुंब, लिंगभाव, वर्ग, श्रद्धा, व्यवसाय अशी यादी करून थांबणे ही नेहमीची चूक आहे. प्रत्येक घटकाला दोन गोष्टी विचारा:

- हा मला मिळाला की मी निवडला?
- इतरांनी तो नाकारला, तर माझ्यासाठी काय बदलते?

ओळख पौगंडावस्थेतच पक्की होते, असेही गृहीत धरू नका. त्या वयावर भर देणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनीही तिची जडणघडण आयुष्यभराची मानली. पहिल्या प्रश्नातले मेंदूच्या विभाजनाचे विचारप्रयोग (एका मेंदूचे दोन भाग दोन शरीरांत बसवले, तर मूळ व्यक्ती कोणती?) मोहक असले तरी सध्या बाजूलाच ठेवा.