पहिलं बाळंतपण जर्मनीत करावं की माहेरी नागपूरला यावं?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नागपूरचे, जर्मनीत तीन वर्षं झाली, आता दुसरा महिना सुरू आहे आणि दोन्ही घरचे "पहिलं बाळंतपण माहेरीच" म्हणून अडून बसलेत. मी दोन्ही केलंय. थोरली श्टुटगार्टला झाली, धाकटा इथे नागपूरला, तोही ऐन मे महिन्यात. म्हणून उत्तर देतेय.

तुमच्या जागी मी असते तर तिकडेच थांबले असते आणि आईला बोलावून घेतलं असतं. तिकडचा दवाखाना भारी म्हणून नाही. दुसऱ्या खेपेला मला नागपूरला काहीच कमी पडलं नाही. गोम आहे ती बाळाच्या कागदांत. बाळ तिथे जन्मलं तर त्याच्या निवास परवान्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत केला की झालं, बाळ आपलं घरातच असतं. इथे जन्मलं तर आधी जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग जर्मन व्हिसा, आणि तोवर तुम्ही इकडे अन् नवरा तिकडे. त्यात बऱ्याच विमान कंपन्या २८व्या आठवड्यानंतर डॉक्टरचं पत्र मागतात आणि ३६व्याच्या पुढे बसूच देत नाहीत. म्हणजे सातव्यात निघायचं आणि बाळाचा व्हिसा येईपर्यंत थांबायचं. साध्या परवान्यावर सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तुमचाच परवाना जातो. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असेल तर बारा महिने मिळतात. शिवाय तिकडचा सरकारी आरोग्य विमा नागपूरच्या बाळंतपणाचं बिल भरत नाही, हेही आताच धरून चाला.

आईला कधी बोलवायचं, यात आम्ही सपशेल चुकलो. शेंगेनच्या, म्हणजे युरोपात थोड्या दिवसांच्या भेटीसाठीच्या, व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. आईला राहवेना, आम्हालाही धीर नव्हता, म्हणून ती तारखेच्या दीड महिना आधीच दोहामार्गे येऊन दाखल झाली. आणि आमची लेक निघाली निवांत, तारखेनंतर आठवडाभराने आली. हातात उरले चाळीस-एक दिवस. सव्वा महिना झाला न झाला तोच आईची बॅग भरायची वेळ. तिला सोडून विमानतळावरून परतताना मी गाडीत जे रडले ते नवरा अजून सांगतो. तुम्ही आईला तारखेच्या दहा-बारा दिवस आधी बोलवा, आणि जमलं तर नवऱ्याची पालकत्वाची सुट्टी ती परत गेल्यावर लावा. तुम्ही तिचा खर्च उचलणार असाल तर हमीपत्र तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून काढावं लागतं, त्याची अपॉइंटमेंट लवकर घ्या. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

हेबामे म्हणजे तिकडची सुईण. बाळंतपणानंतर ती घरी येते, विम्यातच. पहिले दहा दिवस तर गरज पडली तर रोज. मोठ्या शहरात ती मिळता मिळत नाही, तेव्हा हे उत्तर वाचून झालं की शोधायलाच लागा. आमची हेबामे आणि आमची आई, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती ते बरंच होतं. एके सकाळी आईने न सांगता तव्यावर निखारा ठेवून ओवा-बाळंतशेपाची धुरी केली. झोपायच्या खोलीत छताला धुराचा अलार्म, तो तिकडे सक्तीचाच असतो. तो असा कोकलला की बाळ जागं, शेजारी दारात, आणि आई हातात तवा घेऊन, "अव माय, हे काहून बोंबलून राह्यलं?" नेमकी तेवढ्यात हेबामे आली. तिने आधी खिडक्या उघडल्या, मग बाळाच्या नाकाशी धूर का नको ते नीट समजावलं. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, हेही. आईचं तोंड पडलं. मग हेबामेने पिशवीतून दूध वाढायचा म्हणून एक चहा काढला. आईने पाकीट फाडून वास घेतला. "बडीशेप अन् शहाजिरं! हे तर आपलंच आहे." त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

खाण्याचं एक सांगते. दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात न्यायला बंदी आहे, त्यामुळे आईच्या हातचं तूप आणि तुपातले लाडू बॅगेत घालू नका. डिंक, खारीक, खोबरं, अळीव नागपूरच्या इतवारी बाजारातून घेऊन सुकंच न्यायला सांगा. लोणी तिकडे झकास मिळतं. तूप तिथेच कढवायचं, लाडू तिथेच वळायचे.

आता कागद. जन्माची नोंद करणाऱ्या कार्यालयाला, श्टांडेसाम्टला, तुमचे दोघांचे जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला लागतो, शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन करून. घरचे म्हणतील अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करून पाठवतो. त्यात पैसे घालू नका, भारताचा अपोस्टिल जर्मनी मानत नाही. कधी कधी मूळ नोंद भारतात वकिलाकरवी तपासून घेतात आणि त्यात महिने जातात. आमचं घोडं अडलं माझ्याच दाखल्यावर. नावाच्या रकान्यात नुसतं "मुलगी". बारसं झाल्यावर नाव नोंदवायला कोणी गेलंच नव्हतं. बाबांनी चकरा मारून ते घालून घेतलं, तोवर लेकीला पक्का दाखला मिळेना. मिळाला तो नोंदीचा उतारा, त्यावर शेरा की पालकांची ओळख सिद्ध झालेली नाही. स्वतःच्या लेकीच्या कागदावर हे वाचताना कसं वाटतं ते काय सांगू! पालकांना हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो भत्ता मिळतो, पण मागचे पैसे फक्त तीन महिन्यांचे देतात. दाखल्याची वाट बघत अर्ज लांबवू नका, आहे त्या कागदावर करून टाका.

बाळ भारतीय ठेवायचं असेल तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवा. बाळ जन्मताना तुमच्यापैकी एकाची जर्मनीत पाच वर्षं झाली असतील आणि कायमचा परवाना असेल तर ते जन्मतःच जर्मन ठरतं. तीन वर्षांत तुमचा तो प्रश्न दिसत नाही.

आणि आज रात्रीच नागपूरला फोन लावून दोघांच्या जन्मदाखल्यांचे फोटो मागवा. नावाच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी बघा.