इनफिल्ड फ्लाय: बॅटर आउट, पण बॉल चालूच

तुमचा प्रश्न असा: इंदूरच्या शाळांच्या सॉफ्टबॉल मॅचमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर होत्या, एकही आउट नव्हता. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फिल्डर) सोपा उंच कॅच सोडला, तरी अंपायरने बॅटरला आउट दिलं. वर तिसऱ्या बेसकडे पळालेली मुलगी टॅग होऊन, म्हणजे अंगाला बॉल लागून, आउट झाली. एकाच बॉलवर दोन आउट कसे? तर दोन्ही निर्णय बरोबर आहेत.

इनफिल्ड फ्लाय, म्हणजे असा सोपा उंच कॅच सुटला तरी बॅटरला आउट देण्याचा नियम, लागू व्हायला पहिला-दुसरा किंवा तिन्ही बेस भरलेले हवेत आणि आउट दोनपेक्षा कमी. बॉल उंच आणि फेअर, म्हणजे दोन फाऊल लाइनच्या आतला, हवा. सपाट मारलेला लाइन ड्राइव्ह आणि बंट (बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला बॉल) यात येत नाहीत. शिवाय इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) तो साध्या प्रयत्नात झेलता यायला हवा. मे-जूनमध्ये इंदूरला वारा जोरात असतो, तेव्हा बॉल भरकटून फिल्डर धडपडत असेल तर अंपायरने हा कॉल न देणंच योग्य. बॉल फाऊल लाइनजवळ असेल तर ‘फेअर असल्यास’ असं म्हणूनच पुकारायचं.

हा नियम नसता तर शॉर्टस्टॉपने मुद्दाम कॅच सोडून आधी तिसऱ्या आणि मग दुसऱ्या बेसवर फोर्स आउट काढले असते (रनरला पुढे पळणं भाग असलं, की बॉल घेऊन बेसवर पाय ठेवला तरी ती आउट). बिचाऱ्या रनरनी पळायचं की थांबायचं? बॅटर आउट झाली की फोर्स संपतो, म्हणून थांबायची मुभा मिळते. पण बॉल चालूच राहतो. पळालात तर स्वतःच्या जोखमीवर! मात्र आउट करायला रनरच्या अंगालाच टॅग लावावा लागतो. बॉल हातात धरून नुसता बेसवर पाय ठेवून फिल्डर उभी राहिली तर आउट नाही, आणि इथेच बहुतेक पोरी चुकतात.

कॅच सुटला तर बेसवर परतायची गरज नाही. झेलला तर टॅग-अप हवंच, म्हणजे बॉल फिल्डरला पहिल्यांदा लागेपर्यंत पाय बेसवर. कॅच पक्का होईपर्यंत थांबू नका. बॉल ग्लोव्हमध्ये उडाला तरी पहिला स्पर्श झाला की निघता येतं. बेसच्या मागून धावत येऊन वेग घेणं मात्र बेकायदा. फाऊल बॉल झेलला गेला तरी हेच नियम.

रनर लवकर निघाली तर अंपायर आपणहून आउट देत नाही. पुढचा पिच (बॅटरला टाकायचा बॉल) पडायच्या आत फिल्डिंग टीमने बॉल घेऊन तो बेस किंवा त्या रनरला टॅग करून अपील करायचं. हा फोर्स आउट नव्हे, त्यामुळे पहिल्या बेसवरची मुलगी अशी तिसरी आउट झाली, तरी त्याआधी तिसऱ्यावरून नियमाने निघून होम प्लेट गाठलेलीचा रन धरला जातो. स्कोअरर तो हमखास खोडतात, तेव्हा कोचने लगेच अंपायरला विचारावं.