विनोदकार आणि कोचावरचा हक्क

प्रश्न : दादरला झालेल्या एका स्टँड-अप कार्यक्रमात डिक ग्रेगरी यांचे नाव आदराने घेतले गेले. ते कोण होते? – एक वाचक, मुंबई

उत्तर : ग्रेगरी हे अमेरिकन विनोदकार होते. त्यांचा जन्म १९३२ साली सेंट लुईस येथे अत्यंत गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. धावण्यातील प्राविण्यामुळे त्यांना विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि लष्करात असताना ते विनोदी कार्यक्रम करू लागले. जानेवारी १९६१ मध्ये शिकागोच्या प्लेबॉय क्लबमध्ये, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या गोऱ्या व्यावसायिकांसमोर, त्यांनी थेट वंशभेदावरच विनोद केले आणि ते रातोरात प्रसिद्ध झाले.

त्यानंतरची घटना मला त्यांच्या कोणत्याही विनोदापेक्षा मोलाची वाटते. जॅक पार यांच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात कृष्णवर्णीय विनोदकाराने आपली कला सादर करून निघून जावे, यजमानाशेजारी कोचावर बसून गप्पा मारण्याचा मान मात्र गोऱ्यांना मिळावा, हे मान्य नसल्याने ग्रेगरी यांनी निमंत्रण नाकारले. अखेर पार यांनी त्यांची अट स्वीकारली आणि ग्रेगरी त्या कोचावर बसले.

पुढे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यासाठी त्यांनी मिळकतीची पर्वा केली नाही. १९६३ मध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे त्यांना तुरुंगवास घडला, तर १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील दंगलीत जमावाला शांत करताना त्यांना गोळी लागली. महात्मा गांधींच्या अहिंसेचा प्रभाव असलेल्या ग्रेगरी यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध प्रदीर्घ उपोषणेही केली. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.