ट्रक चालवा, पण इतक्यात विकत घेऊ नका

प्रश्न : ताई, माझे वय ४८ असून मी चिंचवडला राहतो. बावीस वर्षे एका कारखान्यात मशीन ऑपरेटर होतो. गेल्या वर्षी कंपनीने आमचा विभाग बंद केला आणि स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हातावर ठेवली. आता कुठेही गेलो तरी आधी वय विचारतात आणि मग कंत्राटी पगार सांगतात. मोठ्या गाडीचे वेड मला लहानपणापासून आहे. चाकणला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात असलेला मित्र म्हणतो की जुनी दहाचाकी घे आणि स्वतःच चालव. कारचे लायसन्स पंधरा वर्षांपासून आहे. शुगरची गोळी चालू आहे. पत्नीचा साफ नकार आहे, आणि इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, ‘मित्रांना काय सांगू?’ या वयात हा विचार म्हणजे वेडेपणा आहे का?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि तुमच्या मित्राने ते एकाच दोरीने बांधून दिले आहेत. ट्रक चालवावा का, हा पहिला आणि ट्रक विकत घ्यावा का, हा दुसरा. पहिल्याला माझे उत्तर ‘हो, पण पायरीपायरीने’ असे आहे, आणि दुसऱ्याला तूर्त स्पष्ट ‘नाही’.

वयाचे आधी उरकून टाकू. मालवाहू गाडी चालवण्यासाठी कायद्यात किमान वय २० वर्षे सांगितले आहे. कमाल वयाची अट नाही. अशा गाडीचे लायसन्स पाच वर्षांसाठी मिळते आणि दर नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे तुमची तपासणी ५३ व्या आणि ५८ व्या वर्षी पुन्हा होईल, आणि ते तुमच्या हिताचेच आहे. बावीस वर्षे पाळी सांभाळलेला, यंत्राचा आवाज बदलला की कान टवकारणारा माणूस गाडीमालकाला विशीतल्या पोरापेक्षा नकोसा वाटेल, असे मला मुळीच वाटत नाही.

तरीही थेट दहाचाकीवर बसू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे ठरवले की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्या व्यक्तीला एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असलेले मालवाहू वाहनही चालवता येते. याचा अर्थ असा की छोटा हत्ती, पिकअप किंवा चारशेसात यांसारख्या गाडीवर तुम्ही आजच्या लायसन्सवरही काम सुरू करू शकता. चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यात सुटे भाग गोळा करून मोठ्या कारखान्यांना पोहोचवणाऱ्या, ज्यांना तिथे ‘मिल्क रन’ म्हणतात, अशा फेऱ्या रोज चालतात. चलन, गेटपास, माल उतरवण्याची ठरलेली वेळ, हे सगळे तुम्ही आजवर गेटच्या आतून पाहिले आहे. आता बाहेरून पाहाल. असे सहा महिने काढा. तासन्‌तास रांगेत थांबणे, सुरक्षारक्षकाने अरे-तुरे करणे, पाठीचा मणका आणि दुपारची गुंगी हे सारे त्यात कळेल. वेड टिकले, तर पुढे जा.

पुढे जाणे म्हणजे हेवी लायसन्स. त्यासाठी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने असावे लागते, ती अट तुम्ही केव्हाच ओलांडली आहे. शिकाऊ लायसन्स, वैद्यकीय दाखला आणि ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र, असा क्रम असतो. काही ठिकाणी पैसे घेऊन, गाडीला हातही न लावता प्रमाणपत्र मिळते, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही कुणीतरी सांगेलच. त्या वाटेला जाऊ नका. केंद्र सरकारच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातील जड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. तुमच्या घरापासून जवळच, भोसरीला, केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे; चौकशीची सुरुवात तिथून करा.

त्यानंतर निदान वर्षभर एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसा, मग तो वयाने तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान का असेना. ही गोष्ट मनाला लागेल, पण घाट कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता तुम्ही पाहिला आहेच. थोडे डिझेल वाचावे म्हणून तिथे काही जण गाडी न्यूट्रल करतात, कुणी इंजिनही बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो; इंजिन बंद केले, तर ट्रकचे ब्रेक ज्या हवेच्या दाबावर चालतात ती हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि टाकीतली हवा प्रत्येक ब्रेकसरशी कमी होत जाते. असाच पाय दाबत राहिलात की पॅडल असते, ब्रेक नसतो. त्याच उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका रात्री डझनावारी गाड्यांची मोडतोड झाली होती. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचे सांगणे अंगवळणी पडायला शेजारचीच सीट लागते.

आता पैशांविषयी. तुमचा मित्र वाईट माणूस आहे असे मी म्हणत नाही, परंतु जुनी गाडी खपवण्यात त्याचा काही वाटा आहे का, हे त्याला सरळ विचारा. भाडे मिळाले नाही तर ट्रक उभा राहतो. बँकेचा हप्ता उभा राहत नाही. टायर, विमा, फिटनेस, टोल, परतीची रिकामी फेरी आणि दोन-दोन महिने अडकणारे भाड्याचे बिल या सगळ्यांचा हिशेब नोकरी करताना दुसऱ्याच्या खर्चाने शिकता येतो. मुलाचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेला हात लावू नका. दोन वर्षांनी चार गाडीमालक तुम्हाला नावाने ओळखू लागले, की मग या विषयावर मला पुन्हा पत्र लिहा.

पत्नीच्या नकाराला तुम्ही एकच ओळ दिलीत. तो नकार ट्रकला आहे की रात्रींना, हे तुम्ही विचारले आहे का? माझे मामा एसटीत चालक होते. रात्रपाळी करून आले की ते भर दुपारी डोळ्यांवर ओला पंचा टाकून झोपत आणि मामी शेजारच्या पोरांना अंगणात फिरकू देत नसे. गाडी मामा चालवत होते, पण त्यांची झोप मामी राखत होती. तेव्हा रात्रीच्या फेऱ्या घ्यायच्या की नाहीत, घेतल्या तर आठवड्यात किती, पहाटे दोन ते पाच या वेळात गाडी बाजूला लावायची की नाही, हे तिच्यासमोर बसून ठरवा. मालकाला हे मान्य नसेल, तर मालक बदला.

मुलाची फार काळजी करू नका. विशीतल्या मुलाला बापाच्या कोणत्याही गोष्टीची लाज वाटते. हा ताप आपोआप उतरतो. ‘मित्रांना सांग, बाबा गाडी चालवतात,’ एवढे म्हणा आणि विषय सोडा.

या सगळ्याच्या आधी मात्र डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्या, डोळ्यांचा पडदा दाखवा आणि रात्रीच्या दिसण्याविषयी मुद्दाम विचारा. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की जेवण लांबले की साखर एकदम खाली येते, आणि गोदामाच्या रांगेत जेवण लांबतेच. आपली गोळी त्यांपैकी आहे का, आणि बदलता येईल का, हे पहिल्या भेटीतच विचारा. पत्नीला बरोबर न्या. ती तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारेल.