कारवानी कुत्रा फ्लॅटमध्ये पाळता येईल का? त्याचा इतिहास आणि स्वभाव कसा असतो?

तुम्ही जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहता आणि कारवानीचं पिल्लू घ्यायचा विचार करताय, म्हणून सविस्तर लिहितो. सांगोल्याकडे आमच्या काकांच्या वस्तीवर कायम कारवानी असायचे, लहानपणापासून जवळून पाहिलेत.

हा नजरेवर शिकार करणारा कुत्रा. गावठी कुत्रं आधी जमीन हुंगतं, कारवानी मान वर करून माळ न्याहाळतो. ज्वारी काढलेल्या रानात पार पलीकडच्या बांधाला ससा हलला, तर आपल्याला काही दिसायच्या आत याचे कान मागे जातात, अंग ताणलं जातं आणि तो सुटलेला असतो. मग कितीही हाका मारा. याला बेशिस्त म्हणू नका. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने त्याला यासाठीच निवडून वाढवलंय. खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब पाय, खांद्यापाशी साधारण 70 सेंटीमीटर उंची, सगळं पळण्यासाठी.

याचे पूर्वज व्यापारी आणि सैन्याच्या तांड्यांबरोबर पश्चिम आशियाकडून दख्खनेत आले असं मानतात. सालुकी या तिकडच्याच पळणाऱ्या शिकारी कुत्र्याशी साम्य तर उघड दिसतं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली, म्हणून मुधोळ हाउंड हे नाव गाजलं. 2005 मध्ये टपाल तिकीट निघालं, पुढे लष्करानेही मेरठला हे कुत्रे प्रशिक्षणासाठी नेले. पण माझ्या मते ही जात खरी टिकवली ती भाकरी-दुधावर सांभाळणाऱ्या धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी.

स्वभाव अलिप्त. घरच्यांवर अतोनात जीव, परक्याचा हात मात्र नको असतो. पाहुण्याने पाठीवर हात ठेवला की गुरगुरत नाही, पाठ खाली दाबून हाताखालून सरकतो. दिवसभर साखळीला बांधला तर हाच कुत्रा बिथरतो, आणि मग लोक जातीला नावं ठेवतात.

आता फ्लॅटचं. घरात तो शांत पडून राहील, जागेची अडचण नाही. अडचण पळण्याची आहे. रोज पहाटे, आपल्याकडचं ऊन चढायच्या आत, कुंपण असलेल्या मैदानात मोकळा सोडणं जमणार असेल तरच घ्या. पट्टा लावून कॉलनीत फेरी मारणं पुरेसं नाही. आणि नान्नजकडच्या माळावर कृपा करून सोडू नका. तिथे काळविटं आहेत, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार गुन्हा आहे, कुत्र्याकरवी केलेलीसुद्धा.

पिल्लू घेताना आईबाप दोन्ही बघा, कारण ग्रेहाउंडशी संकर झालेली पिल्लंही कारवानी म्हणून खपवतात. आणि कधी ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगा. अंगावर चरबी फार कमी असल्याने भुलीच्या काही औषधांचा अंमल या कुत्र्यांवर जास्त वेळ राहतो.