आठ क्लायंट, आठ ब्रँच: आधी सर्व्हरवर काय चाललंय ते बघा

एकच बिलिंग सॉफ्टवेअर, गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवणारी प्रणाली) आठ क्लायंटच्या आठ ब्रँच, म्हणजे कोडच्या आठ वेगळ्या शाखा, आणि एक बग आठ वेळा दुरुस्त करायचा, हे तुमचं दुखणं वाचताच ओळखीचं वाटलं. सगळ्यांना एका मेनवर (मुख्य ब्रँचवर) आणायला हवं हे तुम्हालाही कळतंय, म्हणून त्यावर बोलत नाही.

सुरुवात ब्रँचपासून नको, प्रत्यक्ष चालू असलेल्या कोडपासून करा. आम्हाला सगळ्यात महाग पडला तो एका क्लायंटचा आयटी विभाग. सर्व्हरचा ॲक्सेस मागितला की पत्र द्या म्हणायचे, पत्राला उत्तर नाही, आणि आतल्या आत स्वतःच फायली बदलायचे. ते बदल रिपॉझिटरीत (कोडच्या मूळ साठ्यात) कधी आलेच नाहीत. पुढच्या रिलीजला ते पुसले जायचे आणि तक्रार आमच्यावर! अशा ठिकाणी चालू फोल्डरची प्रत लेखी मागा, ‘गिट डिफ’ला ‘नो-इंडेक्स’ लावून ती ब्रँचशी ताडून बघा, आणि निघालेला फरक त्याच ब्रँचवर वेगळा कमिट (बदलाची नोंद) करा. सर्व्हरवर परस्पर बदल केल्यास सपोर्ट मिळणार नाही, हे करारातही घाला.

मग प्रत्येक ब्रँच मेनसमोर ठेवून ‘गिट चेरी’ ही आज्ञा चालवा; ब्रँचवरचे कोणते कमिट मेनमध्ये आलेत ते ती दाखवते. अधिक चिन्हाचे कमिट मेनमध्ये नाहीत, उणे चिन्हाचे आहेत. पण ही तुलना पॅच-आयडीवर, म्हणजे बदललेल्या ओळींवरून काढलेल्या खुणेवर, चालते. कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) सोडवताना एखादी ओळ बदलली असेल, तर मेनमध्ये आलेलं कामही अधिक दिसतं. ते डोळ्यांनीच तपासावं लागतं.

उरलेल्यांपैकी बगची दुरुस्ती मेनमध्ये, आकडे नि मजकूर सेटिंगमध्ये, आणि वागणूकच वेगळी असेल तर फ्लॅग, म्हणजे ती वागणूक निवडणारा स्विच. फ्लॅगला क्लायंटचं नाव अजिबात देऊ नका. ‘राउंडिंग ओळीवर की बेरजेवर’ असा फ्लॅग नवव्या क्लायंटलाही चालतो. जुना फ्लॅग नव्या कामाला जुंपू नका. नाईट कॅपिटल या अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनीने २०१२ मध्ये तेच केलं, आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहून गेला, आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले.

बिलिंग आहे म्हणून सांगतो, जीएसटीचे दर कोडमध्ये असतील तर आधी ते टेबलात हलवा. दरासोबत ‘कधीपासून लागू’ ही तारीख हवीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वस्तूंचे दर बदलले, पण त्याआधीच्या बिलावरची क्रेडिट नोट जुन्याच दराने काढावी लागते.

डेटाबेसचं मायग्रेशन (रचनेतले बदल) सगळ्यांना एकच, एकाच क्रमाने. एखाद्याकडे नको असलेला कॉलम रिकामा पडला तर पडू दे.

अर्थात, करारानुसार सोर्स कोड क्लायंटच्या मालकीचा असेल तर आधी वकिलाला विचारा, मग यातलं काही करा. आठही एकदम हलवू नका, ‘गिट चेरी’त ज्याची अधिक चिन्हं सगळ्यात कमी, तो क्लायंट पहिला घ्या. तोवर चेरी-पिक करताना (एका ब्रँचवरचा कमिट दुसरीवर नेताना) ‘-एक्स’ लावत जा, म्हणजे मूळ कमिटचा आयडी मेसेजमध्ये राहतो.